तुमच्या भावाची शांतता

रविवार, ८ मार्च
सकाळी

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तुम्ही काठी घेऊन फाटकापर्यंत जाऊनही आलात, हे वाचून जीव भांड्यात पडला. डॉक्टर सांगतील तेवढंच चाला, उगाच मर्दुमकी नको. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मी ठीक आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीची फुटकी काच एकदाची बदलून घेतली. मासिकाचं काम वेळेवर चाललं आहे. वजन वाढलं आहे, ते मात्र विचारू नका.

तुम्ही एवढी पानं लिहिलीत आणि विचारलंत एकच. 'त्या हॉलमध्ये तू त्याला काय केलंस? तो धड जेवत नाही, फोन उचलत नाही, आणि विचारलं की म्हणतो, तिलाच विचार.'

त्याने माझ्याकडे बोट दाखवलं हे वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आता विचारलंच आहे तर सगळं ऐका.

आमची मागची खोली तुम्हाला आठवत असेल. लग्न झाल्यापासून मी तिथल्या खुर्चीवर बसत आले. तुमचा भाऊ टेबलापाशी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी उघडून आतला एखादा भाग बदलायचा, तीच रेकॉर्ड पुन्हा लावायचा आणि पाठमोराच विचारायचा, "आता?" मी सांगायची. झांज पत्र्यासारखी वाजतेय. गाणारीने तोंडात काहीतरी धरलंय. खर्ज भिंतीमागून आल्यासारखा येतोय. तो पुन्हा काहीतरी बदलायचा. "आता?" असं करता करता मी काहीच न बोलता नुसती ऐकत राहिले, की तो झाकण लावायचा. ज्या ज्या पेट्यांनी त्याचं नाव झालं, त्या सगळ्यांची झाकणं अशी लागली आहेत.

एकदा मी म्हटलं, पेटीच्या मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात माझंही नाव घाला. तो हसला. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तो अगदी मनापासून हसला, लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसा. मी घर का सोडलं याची पुष्कळ कारणं तुमच्या कानावर आली असतील. मुळात होतं ते एवढंच.

पुढचं मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार. घर सोडल्यावर एका स्पीकर बनवणाऱ्याने मला कामाला घ्यायचं कबूल केलं होतं. त्याला माझं ऐकणं हवं होतं. ठरल्या दिवशी गेले तर मालक माझ्या नजरेला नजर देईना. शेवटी म्हणाला, "वहिनी, तुमच्या ऐकण्याचं जरा... साहेबांनीच सांगितलं. फार वाईट वाटून सांगत होते ते." तुमच्या भावाने या धंद्यातल्या एकूण एक माणसाला फोन करून सांगितलं होतं, की बिचारीचे कान गेले. दुसरीकडे गेले, तिथेही तेच. मी कानाच्या डॉक्टरचा दाखला घेऊन फिरले. लोक दाखल्याकडे बघायचे आणि माझ्याशी मोठ्याने बोलायचे. कीव करायची म्हटली की लोकांचा आवाज कसा चढतो बघा.

आणि ताई, कान गेले होते ते त्याचे.

आमचा तो जुना, पोटफुगा टीव्ही आठवतो? आवाज बंद करून तो नुसता चालू ठेवला तरी त्यातून एक बारीक शिट्टी येत राहायची. मला स्वयंपाकघरात ऐकू यायची, डोक्यात सुई फिरवल्यासारखी. मी ओरडायची, "अहो, टीव्ही बंद करा." तो टीव्हीशेजारी बसून म्हणायचा, "बंदच आहे की." सुरुवातीला वाटलं, कानाडोळा करतोय. मग एकदा मी शेजारी जाऊन बसले, त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि समजले. वरचे, बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते.

मी कधी बोलून दाखवलं नाही. ज्या माणसाचं सगळं नाव कानावर उभं आहे, त्याला बायकोने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी म्हणायची, "मला जरा बोचतंय." तो म्हणायचा, "तू फार नाजूक," आणि माझ्या नाजूकपणाची सोय म्हणून पेटी सुधारायचा. सगळी वर्षं मी हे झाकलं. आणि ज्याचं झाकलं, त्याने तेच माझ्या नावावर खपवलं. आता तुम्ही सांगा, मी काय ओवाळायला हवं होतं त्याला?

शेवटी नव्या पेट्या ऐकून त्यांच्यावर लिहायला या मासिकाने मला घेतलं. या वर्षी त्याची नवी, सगळ्यात मोठी पेटी आली. संपादक मला म्हणाले, "तुम्हाला जड जाणार असेल तर हिच्यावर दुसऱ्या कुणाला लिहायला सांगतो."

मी म्हटलं, "द्या इकडे."

लिहिणार कोण हे तुमच्या भावाला कळवलं होतं. तो नाही म्हणाला नाही. मला वाटलं, काय ही मग्रुरी!

कारखान्यातला इंजिनिअर पेटी घेऊन आला. दोघा हमालांनी ती वर चढवली. मी ती माझ्या स्पीकरना जोडली आणि एका बाईंचं गाणं लावलं, साथीला फक्त एक व्हायोलिन. न्यायाने सांगायचं तर सुंदर होतं. बाई स्पीकरमध्ये नव्हत्या, दोन स्पीकरच्या मधे उभ्या होत्या. त्यांनी श्वास घेतला तो कळत होता. खर्ज भरलेला, पण कुठे फुगलेला नाही. आवाज वाढवला तर गाणं आरडाओरडा न करता जवळ आलं. एवढी ताकद आणि इतकी सावरून धरलेली. मी सूडबीड सगळं विसरून ऐकत बसले. हो, सूडच. त्या शब्दाला मी आता लाजत नाही.

गाणं संपलं. आणि मग ऐकू आली ती. बारीक, सलग शिट्टी. गाणं चालू असताना लपत होती, थांबलं की उघडी पडत होती. पुन्हा लावलं तेव्हा लक्षात आलं, व्हायोलिनच्या वरच्या सुरांनाही तिचीच धार लागली होती. अर्ध्या तासात माझं कपाळ ठणकायला लागलं.

इंजिनिअरला विचारलं. त्याने मान खाली घातली.

"कारखान्यात सगळ्यांना ऐकू येतं, मॅडम."

"मग सांगत का नाही?"

"एकीने सांगितलं होतं. साहेब म्हणाले, कान तपासून घे आणि उद्यापासून येऊ नकोस." मग म्हणाला, "साहेबांना मीटरवर भरवसा नाही. म्हणतात, माझा कान हेच मीटर."

"आणि गिऱ्हाइकं?"

"साहेबांच्याच वयाची सगळी. त्यांना कुठे ऐकू येतंय? त्यांच्या बायका उठून आत जातात. त्यांना वाटतं, बायकांना संगीताची आवड नाही."

ताई, मी इतकी हसले, की तो बिचारा घाबरला.

त्यानंतर तुमच्या भावाचा फोन आला होता. ते पुढे सांगते.

आता हॉलचं. नव्या पेट्यांच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस, सकाळची वेळ, खुर्च्या भरून मागे माणसं उभी. पुढच्या दोन रांगा व्यापाऱ्यांच्या. तुमचा भाऊ नव्या कोटात व्यासपीठावर. बारीक झालाय, पण रुबाब तोच. बोलला बाकी छान. म्हणाला, अ‍ॅम्प्लिफायरची परीक्षा आवाजात नसते, शांततेत असते. माझ्या पेटीची शांतता काळ्या मखमलीसारखी आहे. काळी मखमल हा शब्द माझा होता. मागच्या खोलीत मीच म्हटला होता. असो.

मी हात वर केला. उभी राहिले.

"गाणं न लावता आवाज पूर्ण वाढवून दाखवाल का? आम्हाला ती शांतता ऐकायची आहे."

त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्याला वाटलं, मी जुन्याची आठवण ठेवून त्याला टाळी द्यायला उठले आहे. "हा प्रश्न फक्त जाणकारच विचारतो," असं म्हणून त्याने बटण फिरवायला सुरुवात केली. हळूहळू, पार टोकापर्यंत. आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "ऐका. काहीही नाही."

हॉलभर शिट्टी. भिंतीवरून येत होती, छतावरून येत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने दोन्ही कानांत बोटं घातली. पाणी देणारा ट्रे घेऊन जागीच थबकला. एका व्यापाऱ्याच्या बायकोने नवऱ्याचा दंड धरला, तो म्हणाला, "काय गं? काय झालं?" म्हातारी मंडळी डोळे मिटून मान डोलावत होती. आणि मध्यभागी तुमचा भाऊ, हात पसरून, त्या शिट्टीच्या पुरात कोरडा ठाक.

मागून कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

त्याने हात खाली घेतले. इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअर बुटांकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या हॉलसमोर, त्या खोलीतल्या जुन्या आवाजात विचारलं, "येतंय का काही?"

मी म्हटलं, "येतंय. तुम्हाला सोडून सगळ्यांना येतंय."

हसू थांबलं. त्याने बटण मागे फिरवलं. पहिल्या रांगेतला मोठा व्यापारी उठला, आणि मग खुर्च्या सरकण्याचे आवाज आले. ते आवाज त्याला नीट ऐकू आले असावेत.

बाहेर पायऱ्यांवर त्याने मला गाठलं. दम लागला होता.

"कधीपासून?"

"त्या टीव्हीच्याही आधीपासून असेल."

"म्हणजे त्या सगळ्या पेट्या..."

"हो," मी म्हटलं.

तो तिथेच पायरीवर बसला. नव्या कोटासकट. मी खाली उतरले, रिकामी टॅक्सी दिसली ती धरली. मागे वळून पाहिलं का, असं तुम्ही विचाराल. पाहिलं. डोळे भरून पाहिलं.

मासिकात मी काय लिहिलं ते तुम्ही वाचलंच आहे. एक शब्द खोटा नाही. गळ्याचा आवाज इतका खरा मी दुसऱ्या कुठल्या पेटीत ऐकलेला नाही, हेही लिहिलं आणि शिट्टीही लिहिली. लोक म्हणतात, बाई न्यायी आहे.

आता तो फोन. इतकं लिहिलं, पण हे लिहायला चहा करून यावं लागलं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी त्याने फोन केला. मला वाटलं, मिजास करेल. नाही केली. मग म्हणाला, "पेटी ऐकलीस ना? खरं सांग, वरचा भाग बरोबर आहे ना? हल्ली माझी मलाच खात्री वाटत नाही. इथे कुणी बोलत नाही. तू सांगितलंस तर मी उद्याचं रद्द करतो."

तेव्हा मला कळलं की पेटी माझ्याकडे येऊ दिली ती मग्रुरी नव्हती. त्याला माझा कान हवा होता, आणि मागायला तोंड नव्हतं.

दोन शब्दांत सगळं वाचलं असतं, ताई. 'बोचतंय जरा,' एवढंच. सवयीने ओठांवर आलंही होतं.

मी म्हटलं, "सुरेख झालंय. निर्धास्त राहा."

त्याने श्वास सोडला, तो मला ऐकू आला. म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे झालं."

हेच ते. हॉलमध्ये मी काही केलं नाही. जे केलं ते आदल्या दिवशी, घरी, फोनवर. तुम्हाला वाटत असेल मला झोप लागत नसेल. लागते. एवढंच, की ते 'म्हणजे झालं' मधूनच कानात वाजतं. वाजू दे.

काल इंजिनिअर येऊन गेला. शिट्टी कुठून येते ते त्यांना सापडलं. दोन तारा जवळजवळ गेल्या होत्या, त्या लांब केल्या की काम झालं. पेटी आता निर्दोष होईल, आणि व्हावीच. साहेबांचा निरोप होता, परत येऊन खुर्चीत बस. तुझं नाव मागच्या पट्टीवर नाही, पुढे घालतो, माझ्या नावाच्या वर घालतो. हे नाव मला कधीकाळी किती हवं होतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मी इंजिनिअरला पाणी दिलं आणि सांगितलं, नाही.

तुमचा भाऊ उपाशी राहणारा नाही. महिन्याभरात उठेल, नवी पेटी बांधेल आणि सवयीने कुणाला तरी विचारेल, "आता?" ते माणूस म्हणेल, छान. आणि त्या क्षणी त्याला माझा आवाज आठवेल, निर्धास्त राहा म्हणणारा. पेटी खरंच छान असेल, तरी त्याला कळणार नाही. यापुढे कधीच कळणार नाही.

तुमचे कान चांगले आहेत. तो एक दिवस पेटी घेऊन तुमच्याकडेही येईल, समोर बसेल आणि विचारेल. तुम्ही त्याला खरं तेच सांगा, ताई. त्याला ते पटणार नाही. तेवढं मी करून ठेवलं आहे.

गुडघा जपा.

हे वाचूनही म्हणावंसं वाटलं तर,
तुमची भावजय