ऑर्मव्होच्या हद्दीत

नान्सी, ४ एप्रिल १९७४

चि. फेर्नांस अनेक आशीर्वाद.

सरपंच झालास, अभिनंदन! पहिल्या महायुद्धात तोफांनी ऑर्मव्हो पुसलं, जमिनीत अजून न फुटलेले गोळे म्हणून राहायला बंदी, पण सरकारदरबारी गाव जिवंत. मत द्यायला माणूस नाही, म्हणून वरूनच तुझी नेमणूक. तुझ्याविरुद्ध तक्रार करायलाही कोणी नाही, हे तुझ्या स्वभावाला बरं जमलं!

आईचं तेवढं बघ. युद्धानंतर बांधलेल्या चॅपलजवळच्या दफनभूमीत, जन्मगावी, तिला जागा हवीय. दुसरं काही मागत नाही बिचारी.

लोभ आहेच, वाढव.
तुझी ओदेत

वर्दां, २० मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

कायद्यात तीनच वाटा. माणूस गावचा रहिवासी हवा. तो कोणी होऊच शकत नाही. नाहीतर घराण्याची कबर हवी. ती तोफांनी उडवली. नाहीतर मरण गावाच्या हद्दीत यावं. आईसाठी नियम वाकवला तर लोक काय म्हणतील? लोक नाहीत, ठाऊक आहे. हसू नकोस.

हे तिला नीट समजावलं. तेव्हापासून दर रविवारी म्हणते, चल ऑर्मव्होला. पाव-चीज बांधून घेते, चॅपलसमोरच्या बाकावर डोळे मिटून बसते. संध्याकाळी उठताना म्हणते, आजही नाही जमलं रे.

मुलांना गोड पापा.
तुझा फेर्नां

नान्सी, २ सप्टेंबर

चि. फेर्नांस आशीर्वाद.

अरे, ऐंशीच्या आईला मरणासाठी हेलपाटे घालायला लावतोस? दगड आहेस का रे? पावसात तरी तिला नेऊ नकोस. नाहीतर ने बाबा. मला काहीच कळेनासं झालंय.

काळजीत,
ओदेत

वर्दां, ९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आई काल गेली. गाडीतच, ऑर्मव्होच्या पाटीच्या अलीकडे. सावकाश चालव म्हणाली आणि मान टाकली. थांबून नाडी पाहिली, नव्हती. जागा शेजारच्या गावाची. कायदा स्पष्ट होता.

मी गाडी सुरू केली. पाटी ओलांडली, तिला उचलून बाकावर बसवलं आणि लहान पोरासारखा रडलो.

मृत्यूच्या दाखल्यासाठी आलेल्या डॉक्टरांनी विचारलं, कुठे गेल्या? मी म्हणालो, इथेच, बाकावर. पावसाने सगळा चिखल, आणि आईच्या बुटांना एक कण नाही. ते बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, सरपंच सांगताहेत म्हणजे तसंच असणार.

शुक्रवारी दफन आहे, लवकर ये. या खोटारड्या सरपंचावर लोभ असू दे.

तुझा फेर्नां