विसणाचं पाणी

अण्णा,

बाथरूममधला जुना गीझर बदलायचा की ठेवायचा, यावर आमच्या घरात तीन आठवडे खल चालला होता. तुम्ही असता तर हात पुसत आला असतात, दोन मिनिटं बघितलं असतंत आणि निकाल देऊन चहाला बसला असतात. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी यंत्राचं काही अडलं की मी आधी मनात तुम्हालाच विचारते. या खेपेला कागदावर सांगते आहे, एवढाच फरक. मी आता कतारला असते. दोह्यात, वेस्ट बेमधल्या एका उंच इमारतीचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे, म्हणजे पंप, पाणी, एसी यांतलं काहीही रुसलं की लोक माझ्या नावानं शंख करतात. बॉयलर अटेंडंटच्या मुलीनं दुसरं काय व्हायचं.

आई मार्चपासून आमच्याकडे आहे. कायमचीच ये म्हणून मी किती वर्षं तिच्या मागे लागले होते. नाशिकच्या घरात ती एकटी, आणि गेल्या वर्षी जिन्यात पडली तेव्हा शेजारणीला कळेपर्यंत दोन तास गेले होते. ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. तर ती आली, रमली, आणि मग उन्हाळा आला. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात पोळतो. आई आंघोळीला गेली आणि तांब्या हातात घेऊन तशीच बाहेर आली. "अगं, विसण कुठंय?" आपल्या घरी बंबातल्या कढत पाण्यात विसण घातल्याशिवाय तिनं कधी अंगावर तांब्या घेतला नाही, आणि इथे विसणाचंच पाणी कढत. "ज्या गावात विसण मिळत नाही तिथं माणसानं राहायचं कसं?" म्हणाली, आणि संध्याकाळी तिकिटाचं विचारलं. मग मी तिला इथली युक्ती दाखवली. मे ते ऑक्टोबर गीझर बंद ठेवायचा. तो बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवर, एसीच्या गारव्यात आडवा पडलेला असतो, त्यामुळे त्याच्या पोटातलं पाणी रात्रभरात निवतं. म्हणजे लाल खुणेच्या नळाला गार पाणी आणि निळ्याला गरम. हा उलटा कारभार आईला फारच आवडला. फोनवरून सगळ्या मावश्यांना सांगून झाला. तिकिटाचा विषय आपोआप मागे पडला.

नोव्हेंबरात गीझर चालू केला आणि तांबूस पाणी आलं. नवरा म्हणाला, "इन्स्टंट लावू. भिंतीवर एवढीशी डबी, लगेच गरम, वीजही कमी." मुलगी म्हणाली, "आई, दॅट थिंग इज ओल्डर दॅन मी." घरमालकाच्या ऑफिसनं कळवलं की बदलायचा तर आम्ही आता सगळ्यांना इन्स्टंटच देतो, आणि भाड्याच्या घरात मालकाच्या मर्जीबाहेर खिळाही ठोकता येत नाही. सगळ्यांचं बरोबर होतं. फक्त इन्स्टंटला पोट नसतं. पाणी साठत नाही, साठत नाही म्हणून निवतही नाही. पुढच्या उन्हाळ्यात आई लाल नळ सोडणार आणि तोही पोळणार. हे मी तिला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहा गाळताना तिनं अगदी सहज विचारलं, "एप्रिलमध्ये तिकिटं मिळतात का गं?" त्या रात्री जेवताना मी जाहीर करून टाकलं, "जुना गीझर चांगला आहे. अजून चार वर्षं हलायचा नाही." तोवर मी सीलिंगची झडप उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

तुमच्यापुढे मी हे एकदा केलं आहे. रविवार आहे, मी अकरा वर्षांची, तुमचा डबा घेऊन डेअरीत आले आहे. खवा आटवणारे मामा मला बॉयलरच्या खोलीच्या दारातच कोमट खव्याचा गोळा देतात, आणि तुम्ही बॉयलरच्या मागून विचारता, "काच बघ गं, पाणी कुठवर आहे?" मी सांगते, "अर्ध्यावर." तुम्ही हात पुसत येता, पाणी दाखवणाऱ्या काचनळीखालचा कॉक उघडता. पाणी सुर्रकन खाली जातं, पुन्हा वर येतं आणि अर्ध्याच्या चार बोटं खालीच थांबतं. अर्ध्यावर होता तो नुसता जुन्या पाण्याचा डाग. तुम्ही आधी बॉयलरात पाणी भरणारा पंप चालू केलात. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणालात, "काच बघितलीस. पाणी बघायचं होतं." एवढंच. घरी जाईपर्यंत मी रडत होते. पुढे डिप्लोमा पास झाले तेव्हा इतरांच्या वडिलांनी घड्याळं दिली, तुम्ही तुमचा दहा-अकराचा पाना दिलात, मुठीच्या जागी झिजून गुळगुळीत झालेला. आईच्या लोणच्याच्या बरणीशेजारी बॅगेत घालून तो मी इथवर आणला.

मालकाच्या ऑफिसचा प्लंबर शनिवारी यायचा होता. शुक्रवारी सुट्टी. सकाळी मी वीज बंद केली, स्टुलावर चढले आणि झडप सरकवली. आई खाली टॉर्च धरून उभी. मी वरूनच म्हणाले, "ठीक दिसतोय."

"दिसतोय का आहे?" आई म्हणाली.

मी झडप परत सरकवायला घेतली.

"हे बघ, मी रोज याच्याखाली पाट टाकून आंघोळीला बसते. माझ्यासाठी ठेवू नकोस आणि माझ्यासाठी काढूही नकोस. तुझ्या अण्णांनी बघितलं असतं तसं बघ."

तुमच्याबरोबर चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपुढे बनवाबनवी कितीशी चालणार. मी तुमचा पाना लावून झाकण काढलं. सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलायला गेले तर ती हलेना. गंजून जाम. आत दाब वाढला असता तर त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. मग खालच्या सांध्यावर अंगठा दाबला आणि गंजाचे पापुद्रे सुटून आईच्या पांढऱ्या केसांवर पडले. "लागला निकाल," केस झटकत ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो. माझ्या कामाच्या इमारतीतल्या प्रत्येक गीझरची ती दांडी मी माझ्या माणसांकडून दर वर्षी उचलून घेते, वर त्यांची सही घेते. घरच्या गीझरची नऊ वर्षांत एकदाही उचलली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शनिवारी केरळचा प्लंबर आला, वर डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, ये तो खलास. यल्ला, चलो, इन्स्टंट लगा दूँ?" मी म्हटलं, नको, टाकीवालाच हवा, याच मापाचा. "ऑफिस नहीं मानेगा, मॅडम." तेव्हा रविवारी मीच मालकाच्या ऑफिसात जाऊन बसले. गंजाचे फोटो दाखवले, आईबद्दल सांगितलं, लाल-निळ्या नळांचं सांगितलं. विसणाला इंग्रजी शब्द काही केल्या सुचेना, मग हातवारे करून दाखवलं. समोरचे वयस्कर साहेब हसायला लागले. त्यांची आईसुद्धा उन्हाळ्यात गीझर बंद करून त्याच पाण्यानं आंघोळ करायची म्हणे. "फॉर युअर मदर? खलास," म्हणाले, म्हणजे इथल्या भाषेत झालंच समजा, आणि सही करून कागद पुढे सरकवला.

नवा गीझर बसून आज आठवडा झाला. पहिल्या दिवशी मी दांडी उचलली, पाण्याची पिचकारी थेट माझ्या तोंडावर आली आणि मुलीनं तिचा व्हिडिओ काढला. आईनं पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर मेच्या पानावर आत्ताच लिहून ठेवलं आहे, 'गीझर बंद'. काल मी तिला भीतभीतच विचारलं, "एप्रिलच्या तिकिटाचं काय करायचं?" ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघ की. कैऱ्या आणायच्यात. पण परतीचं धरून बघ."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या पान्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून झडपेआड, नव्या गीझरशेजारी ठेवणार आहे. पुढच्या वर्षी दांडी उचलायला मलाच तिथे हात घालावा लागेल. आणि एक सांगायचं इतकी वर्षं राहिलं आहे. त्या रविवारी तुम्ही म्हणालात, काच बघितलीस. अण्णा, मी काचही बघितली नव्हती. ओंजळीत खवा होता, तो संपेपर्यंत मला आत यायचं नव्हतं, म्हणून दारातूनच अर्ध्यावर म्हणून सांगून टाकलं. माझ्या हनुवटीला खवा लागलेला होता. तो तुम्ही बघितला असणारच.