एका रांगेत दोन जावा

३ मार्च
रिटायर झाले तरी पेपरातलं सदर चालूच आहे. लेख दुपारी तीनला पाठवला, वेळेच्या आत. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात. यंदा यात्रेत पालखीपुढे बायकांची लेझीम, गावात पहिल्यांदाच. सांगली सोडून इथं राहायला आल्याचा फायदा. शिकवतात सुभेदार. फौजेतून आलेले, त्यामुळे वेळेचे माझ्याहून पक्के. माझ्या पुढे आक्का, म्हणजे थोरली जाऊ. पासष्टीची. लेझीम तिच्या हातात अशी, जसं रोजचं लाटणं. शेजारच्या रांगेत सोनाली, पंचविशीची. तिच्याकडे बघण्यात माझे दोन डाव चुकले.

६ मार्च
कुणीतरी सरावाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. स्वतःला बघितलं. मग सोनालीला. मग मागच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाईंना. कोण माझ्यापेक्षा बरं, कोण वाईट. जन्मभर बातम्या पानावर वर-खाली लावल्या, ती खोड जात नाही. आक्काने व्हिडिओ उघडलासुद्धा नाही.
"बघा तरी, कसं दिसतंय!"
"नाचताना मला कुठं दिसतंय? मग आता बघून काय करू?"

९ मार्च
ठरलं. कुणाशी तुलना नाही. फक्त आक्काचं बघून शिकायचं.
तिची एक लकब. वरच्या डावाला ती लेझीम डोक्यावर नेतच नाही. खांद्यापाशी आणते, कमरेतून वळते, मान जराशी कलते. काय देखणं! घरी आरशापुढे तेवढंच घोटलं. हे म्हणाले, "मान अवघडली का?"

१४ मार्च
जमलं. सोनाली म्हणाली, "काकी, लय भारी. मला पण दाखवा." दाखवलं. तिच्या मागच्यांनाही. छाती फुगली, लपवत नाही.

१६ मार्च
फजिती. आज सगळ्याच बायका वळताहेत. सुभेदारांनी हलगी थांबवली.
"ह्यो कुठला डाव? म्या तर शिकवला न्हाई."
सगळ्यांचं बोट माझ्याकडे, माझं आक्काकडे. आक्का आधी गोंधळली, मग हसत हसत खालीच बसली.
"अगं बायांनो, गाडीवरनं पडल्यापासनं माझा डावा हात वर जात न्हाई, म्हणून मी वळती! तुमच्या हातांना काय झालंय?"
पटांगणभर हशा. सुभेदार मिशीतल्या मिशीत.
घरात फळीवरचे डबे तिला मीच काढून देते. हात माहीत होता. नाचात दिसला नाही. दुखणं असं वळवून घेतलंय की आम्हाला ती कलाच वाटली. अजूनही वाटते.

१७ मार्च
भाजी निवडताना विचारलं, "तुम्ही कुणाकडे बघता?"
"कुणाकडं न्हाई. हलगी ऐकती. दुसरीचं बघत बसलं की आपलं पाऊल ऱ्हातं."
"आपण वाईट दिसतोय असं वाटत नाही?"
"वाटतं की. वाटू दे. आजवर गड्यांची लेझीम वट्यावर बसून बघितली. तवा तर मी दिसतच नव्हती."
देठं मोडत राहिली. पालखीपुढे नाचणं तिला किती हवंय ते आज कळलं. मलाही हवंय. का, ते सांगता यायचं नाही.

२७ मार्च
मोबाईल घरी. हात सरळ वर. वळण सोडताना जिवावर आलं, पण ते तिचं. चुकले तेव्हा माझं मला कळलं, कुणाच्या तोंडाकडे न बघता. सोनाली आली होती की नाही, आठवत नाही!!

४ एप्रिल
सुभेदारांनी देवळाची गल्ली मापली. अरुंद. आमच्या रांगेत एक बाई जास्त. अडचण दोघींची: आक्काचा हात वर जात नाही, माझं पाऊल अजून मागे पडतं.
"एकीला थांबावं लागंल. यात्रेदिवशी सांगतो."
तुलना सोडली म्हणते तोवर दुसऱ्यानेच करायला घेतली.

५ एप्रिल
म्हटलं, "आक्का, मी थांबते. लेखाला विषय तर मिळाला."
भाकरी तव्यावर तशीच राहिली.
"उपकार करतीस व्हय? माझ्यासाठी मागं सरलीस तर यात्रेचं जेवण तुझ्या हातचं खानार न्हाई."
"मग तुमचं काय?"
"माझं मी बघीन. तुझं तू नाच."
भाकरी करपली. तीच मला वाढली.
हायसं वाटलं. थांबायचं नव्हतंच मला.

११ एप्रिल
शेवटचा सराव. माझ्या पुढे ती. हात अर्धाच, पण हलगीचा ठोका आणि तिची लेझीम यांत फट नाही. आज बघितलं ते शिकायला नाही. नुसतं बघितलं.

१२ एप्रिल, यात्रा
दुपार. नऊवारी नेसून लिहितेय. बसता येत नाही नीट. सुभेदारांचा निरोप अजून नाही. मघाशी त्यांचा मुलगा दारावरून गेला, आक्काने हाक मारली नाही. मी उठले तर म्हणाली, "बस. इचारलं की सांगत्यात, कोण थांबायचं ते."
"मग कळायचं कसं?"
"दोघी जाऊन उभ्या ऱ्हाऊ. बाहेर काढायचं त्येला हलगी थांबवाय लागंल. तवर एक डाव तर हुईल की!"
वेशीकडून हलगी ऐकू येतेय. आक्का पायरी उतरली. निघते.