ओव्हरकोट घेऊन चालणारी बाई

६ ऑगस्ट १९७८, रविवार
दिवसभर झिमझिम. धारवाडचं नेहमीचं.
रोजच्यासारखे सहाला अण्णा आले. चहा झाल्यावर कप खाली ठेवत म्हणाले, "पेटी विकायची म्हणतो."
अण्णांचे गवई बुवा जाऊन वर्ष होऊन गेलं. अर्धं आयुष्य अण्णा त्यांच्या साथीला पेटीवर बसले. ते गेल्यापासून भाता हललेला नाही. मुलगा भोपाळला बोलावतोय. दसऱ्यानंतर इथलं घर सोडून जायचं ठरतंय.
मी "बरं" म्हटलं. दुसरं काही सुचलं ते अण्णा फाटकाबाहेर गेल्यावर. पेपरात दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे देतो, आणि इथं...
हा माणूस गेला की संध्याकाळी सहाला या घरात कोण येणार? सकाळी ऑफिस, रात्री खानावळ. मधला तेवढाच वेळ घरात माणसाचा आवाज.

११ ऑगस्ट
फिल्म सोसायटीचे कट्टी सर ऑफिसात येऊन गेले. कॉलेजात फिजिक्स शिकवतात, प्रोजेक्टर स्वतःच चालवतात. एक फ्रेंच चित्रपट आलाय, रविवारी. "कॉलमात चार ओळी टाका की. मागच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या."
सोबतचं माहितीपत्रक वाचलं. संगीत जॅझचं. वाजवणाऱ्यांनी आधी काही लिहून आणलेलं नव्हतं. अंधारात पडद्यावर एकेक प्रसंग दाखवला आणि ते बघत बघत वाजवत गेले. तेच चित्रपटात ठेवलं.
अण्णांना सांगायला हवं.

१२ ऑगस्ट
सांगितलं.
"लिहिलेलं नाही? मग चुकलं तर?"
"चुकलं तर चुकलं. बघून वाजवलं म्हणतात."
"कुणाला बघून?"
"नटीला."
"ती गाते?"
"नाही. चालते."
अण्णा हसले. फार दिवसांनी. "चालणाऱ्या बाईची साथ! संपादका, तुझं काहीतरीच असतं." (मी उपसंपादक. त्यांनी केव्हाच बढती दिलीय.)
उद्या येतो म्हणाले. घरी बसून तरी काय करणार.

१३ ऑगस्ट, रविवार
गोष्ट एवढीशी. बंदराचं गाव. नवरा भांडून घर सोडून गेलाय, जाताना ओव्हरकोट विसरलाय. थंडी, पाऊस. बायको तो कोट हातावर घेऊन गावभर त्याला शोधत हिंडते. गोदी, दारूचे गुत्ते, बोटीवर जाणाऱ्या माणसांची रांग. कुणाला फारसं विचारतही नाही. चालते. तिच्याबरोबर एक सॅक्सोफोन, मागे कुठंतरी जाड तारेचं बास, आणि बाकी नुसते बुटांचे आवाज.
हिंदी सिनेमात नायिकेच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी व्हायोलिनं येतात. प्रेक्षकाला आगाऊ सूचना. इथं सॅक्सोफोनला पुढचं काही माहीत नाही. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यालाही माहीत नाही की ती वळणार आहे. तिला एकटीला सोडलेलं नाही, पण समजूतही कुणी काढत नाही.
अण्णांना सबटायटल्स वाचता येत नाहीत. एकदाही काही विचारलं नाही.
बाहेर आल्यावर म्हणाले, "गोंधळ आहे नुसता."
बसस्टॉपपर्यंत चालत आलो. मग एकदम, "ती काचेपाशी थांबली तेव्हा तो वाजवणाराही थांबला. बघितलंस?"
"बघितलं."
"थांबायला कुणी सांगितलं असेल त्याला?"
"कुणीच नाही."
"हं."

१४ ऑगस्ट
कॉलम एका बैठकीत. 'उत्स्फूर्त' हा शब्द जास्तच झाला होता. एक ठेवून बाकीचे काढले.
संध्याकाळी हुबळीच्या ऑफिसातून परत येताना उणकलच्या तळ्याकाठी एक माणूस छत्री न उघडता नुसती हातात धरून पावसात चालला होता. बस पुढं गेली. त्याला साथ कशाची असती, हाच विचार रायापूरपर्यंत.
अण्णा फाटकातच उभे. चहा नको म्हणाले. "तो सिनेमा परत बघायला मिळेल का?"
असं मागणं त्यांनी माझ्याकडे कधी केलेलं नाही. तसाच कट्टींच्या घरी गेलो. परवा प्रिंट पुण्याला परत जाते. उद्या झेंडावंदनाची सुट्टी, कॉलेज बंद. गायनशाळेचा हॉल दुपारी मिळेल म्हणाले. रविवारी न आलेल्यांनाही निरोप देतात.

१५ ऑगस्ट
आजचं नीट लिहून ठेवतो.
गायनशाळेच्या खिडक्यांना कांबळी लावली. माणसं दहा-बारा. अण्णा मागच्या कोपऱ्यात, जिथं पोरांच्या शिकायच्या पेट्या ठेवतात तिथं सतरंजीवर टेकून बसले. "पुढं या की," म्हटलं. "इथून दिसतंय," म्हणाले.
दुसरं रीळ संपलं, तिसरं लागलं, आणि आवाज गेला. चित्र चालू, आवाज नाही. कट्टी प्रोजेक्टरचं झाकण उघडून बोट भाजून घेत म्हणाले, "साउंडचा बल्ब गेला. दुसरा नाही. पुण्याहून मागवावा लागतो."
कुणीतरी म्हणालं, "इर्ली बिड्री सर, असू दे. असंच बघूया."
पडद्यावर ती कोट घेऊन गोदीकडे निघालेली. प्रोजेक्टरची खरखर. मग आवाज आला. मला वाटलं, बल्ब लागला.
पेटी होती.
अण्णांनी पोरांची एक पेटी पुढ्यात ओढून घेतली होती. पहिल्यांदा एकच सूर, नुसता धरलेला. बुवा बैठकीला बसले की धरत असत तसा. मग ती चालायला लागल्यावर अर्धं पाऊल मागून हेही निघाले. राग म्हणावा असं काही नाही. एखादी जागा मारव्यासारखी वाटे, तोवर ती वळे आणि ते सोडून देत. ट्रक आडवा आला, ती थांबली. इकडे भाता चालू, बोटं थांबलेली. गुत्तेवाल्यानं मान हलवली, नाही आला म्हणून. तिथं काहीच वाजवलं नाही.
शेवटी ती धक्क्यावर उभी राहते. बोट निघून गेलीय. रविवारी तिथं सॅक्सोफोन वर वर चढत गेला होता. अण्णा खालच्या सप्तकात गेले. दोनच सूर. दोन्हींत कोणतं चांगलं, मला सांगता येत नाही. बाई तीच होती, पण रविवारी नवरा गेला याचं दुःख झालं होतं. आज ती आता घरी कशी परत जाईल, याची काळजी वाटली.
रीळ संपून पांढरा पडदा. कट्टी दिवा लावायला विसरले.
मग म्हणाले, "अण्णारी, तुम्हाला फ्रान्सला पाठवूया!"
"आधी बल्ब आण," अण्णा म्हणाले. शाळेची पेटी होती तिथं नीट लावून ठेवली.
घरी येताना वाटेत त्यांनी आपणहून सांगितलं. "सगळे म्हणतात एकटं वाजव, सोलो कर. मला ते येत नाही रे. पुढं कुणीतरी पाहिजे. बुवा गेल्यावर पेटी उघडायचो नि बसून राहायचो, जायचं कुणाच्या मागं? आज ती पुढं चालली होती."
"मग आता?"
"आता काय. रोज बल्ब कसा जाईल?"

१६ ऑगस्ट
यावर लिहू का, विचारलं. "छापू नकोस. लोक घरी येतील, वाजवून दाखवा म्हणतील." नाही लिहिलं. हातात आलेला मजकूर सोडणं या नोकरीत जमत नाही. आज जमलं.

२० ऑगस्ट, रविवार
अण्णांना म्हटलं, जाऊ नका. एकदाचं म्हटलं.
"मुलगा वाट बघतोय."
"मीही इथं..."
"तू पेपर वाचून दाखव, मी मागनं वाजवतो," म्हणाले. दोघंही हसलो. तेवढ्यावरच राहिलं.

१७ सप्टेंबर
बेळगावचा एक माणूस पेटी बघायला आला. भाव ठरत आला होता. त्यानं वाजवून बघायला भाता उघडला, तेव्हा अण्णा उठून मागच्या अंगणात गेले. परत येऊन म्हणाले, "द्यायची नाही." माणूस चिडला. "मग बोलावलं याक हो अण्णा?"
का बोलावलं, का बोलावलं, असं पुटपुटतच तो बाहेर पडला.

१४ ऑक्टोबर
अण्णा पेटी टांग्यात घालून घेऊन आले. भोपाळचं घर लहान आहे म्हणे.
"आठवड्यातनं एकदा भाता हलव. नाहीतर चामडं कडक होतं, झुरळं शिरतात."
"मला वाजवता येत नाही."
"वाजव कोण म्हणालं? हलव."

१५ ऑक्टोबर, रविवार
स्टेशनवर पोचवलं. गाडी हलेपर्यंत बोलणं गादीचं, पाण्याच्या बाटलीचं. फलाटावरून परत फिरलो तर हातात त्यांची शाल. डब्यात बाकावर जागा करताना माझ्याकडे दिली होती, द्यायची राहिली. त्या बाईसारखा घरी चालत आलो. मागे काही वाजत नव्हतं.

१९ नोव्हेंबर
सहाला दोन कप काढले. एक परत ठेवला.
भाता हलवला.

१२ जानेवारी १९७९
ऑफिसात ट्रंक कॉल. भोपाळ. ओरडूनच बोलावं लागलं, सगळा विभाग ऐकत होता.
"भाता हलवतोस?"
"दर रविवारी."
"नुसताच?"
"एक पट्टी धरतो. काळी दोन."
ती बुवांची गायची पट्टी.
मग, "तिकडं काही नवीन आलंय का? कट्टीकडे?"
"मार्चमध्ये एक फ्रेंच येतोय म्हणतात."
"चालणारी बाई आहे का त्यात?"
मला माहीत नव्हतं. "आहे," म्हटलं.
"बघूया," असं काहीतरी म्हणाले. किंवा "बघ". खरखर फार होती. लाइन तुटली.

१४ जानेवारी, रविवार
कट्टी सर तिळगूळ घेऊन आले. मार्चला माझ्यासाठी दोन खुर्च्या ठेवा म्हटलं.
"दुसरी कुणाला?"
"बघूया," मीही तेच म्हणालो.
मार्चचा खेळही गायनशाळेतच. या वेळी गैरसोय होणार नाही म्हणाले, साउंडचे जादा बल्ब आधीच मागवून ठेवलेत.
"चांगलं केलंत," म्हटलं.
ते गेल्यावर पेटी उघडली. काळी दोन. भाता संपत आला की सूर तुटू न देता परत भरायचा, ते अजून जमत नाही.