जनरलला पाव चारू नये

तुर्को, ३ ऑक्टोबर

चि. रेम्बर्तो यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

बाबांना पुरल्यावर तू त्यांच्या मीठ वाहणाऱ्या तांड्याचा म्होरक्या लामा, आपला जनरल, ट्रकमध्ये घालून कोचाबांबाला नेलास. काकांच्या सुरीपासून त्याला वाचवलेस, हे मला कळते. इलारियोनकाकांचा हेका कायम आहे. सर्व संतांच्या सणाला बाबांचा आत्मा जेवायला येणार, परतताना त्यांची शिदोरी वाहायला जनरल लागणार, म्हणून त्याला कापायचे. काका म्हणाले, की भावाने जिवंतपणी एक पोते उचलले नाही, मेल्यावर काय उचलणार.

त्याला तेथे काय घालतोस ते लिही. बाबांची टोपी अजून खुंटीवर आहे. बाकी क्षेम.

ताईची आठवण ठेवावी,
नीवेस


कोचाबांबा, ११ ऑक्टोबर

ती. नीवेसताईस सा. न. वि. वि.

जनरलची चैन आहे. रोज बेकरीतला गरम पाव, केळी, कोवळा घास. तुझी भावजय मारलेने त्याला शांपूने न्हाऊ घालते आणि मानेला रिबीन बांधते. तो तिच्यावर थुंकतो, पण ती म्हणते की हे प्रेमच.

मात्र चार दिवस तो बसून आहे, दात खातो, पोट ढोलासारखे फुगले आहे. कुत्र्यांच्या डॉक्टरने औषध पाजले, ते जनरलने डॉक्टरच्याच कोटावर परत केले. घरी आणावा तर सुरी, येथे ठेवावा तर असे. काय करू?

तुझा लोभ असू दे,
रेम्बर्तो


तुर्को, १६ ऑक्टोबर

चि. रेम्बर्तो यास आशीर्वाद.

डोंगरावरचे काटेरी गवत खाऊन बाबांबरोबर मिठाच्या वाटा तुडवणारे जनावर, त्याला तू बेकरीचा घरजावई केलेस. पाव आजच बंद कर. वाळके गवत आणि पाणी, दुसरे काही नाही. फिरव. पोटाखालची लोकर काप, तुमच्याकडे उकडते. शांपू मारलेनेने स्वतःला लावावा. आणि लामा एकटा राहिला की झुरतो, हे तुला बाबांनी शिकवले होते.

त्याला घेऊन ये. मी शिदोरी वाहायला पावाचा लामा भाजणार आहे, ज्यांच्याकडे जनावर नसते ते भाजतात तसा. पिठाच्या पायांनी डोंगर चढणार का, असे काकांनी विचारले. शेवटी कबूल झाले, पण एका अटीवर: सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आत्मे निघेपर्यंत तो बाबांसाठी मांडलेल्या टेबलावर अखंड उभा राहिला पाहिजे. नाहीतर खरा कापायचा.

वाट पाहते,
नीवेस


तुर्को, ४ नोव्हेंबर

चि. रेम्बर्तो यास आशीर्वाद.

जनरलला उतरवून तू त्याच ट्रकने परत गेलास. काकांनी विचारले, की मुलगा बापाच्या सणाला आला होता की सामान पोचवायला.

आता झालेले ऐक. शेवटच्या दिवशी दुपार व्हायला थोडाच अवकाश होता. लोक बाबांसाठी प्रार्थना म्हणत आणि मोबदल्यात एकेक पाव घेत होते. दार उघडे होते. जनरल आत आला, बटाटे, किनोआ कशाकडे न बघता टेबलाशी गेला आणि पावाचा लामा डोक्यापासून खाऊ लागला. शिकवण तुझी.

काका सुरी आणायला उठले. मी म्हटले, काका, या टेबलावरचे जो खातो तो मेलेल्याच्या वतीने खातो, तुम्हीही चार खाल्लेत. काका म्हणाले, की खाणाऱ्याने प्रार्थना म्हणायची असते, म्हणू दे त्याला.

जनरल खुंटीवरच्या बाबांच्या टोपीपुढे उभा राहिला आणि नाकातून बारीक हुंकार देऊ लागला, बाबा त्याच्या पाठीवर ओझे बांधायचे तेव्हा द्यायचा तसा. बराच वेळ. पुरताना तू जी प्रार्थना म्हटलीस तिच्याहून लांब. काकांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली.

मग काकांनी सुरीने उरलेले पाव कापले, शिदोरी बांधली आणि स्वतःच्या पाठीवर घेतली. कबरीपर्यंत चढताना ती दोनदा खाली ठेवली, बाबांना आळशी म्हणून शिव्या घातल्या, पुन्हा उचलली. मागून जनरल, रिकाम्या पाठीने.

पुढच्या सणाला राहायला ये. येताना पाव आणू नकोस.

तुझी ताई,
नीवेस