दिगू, तुझ्या पानाजवळ पाणी ठेवत नाही

प्रिय दिगू,

मेल्यावर इतका विसराळू झाला काय गा? मायच्या सपनात एक डाव फिरकला नाही! म्हणून मीच पत्र धाडून राहिली. मले अक्षर येत नाही. मी सांगते, तुझी मयुरी लिहिते.

परवा ती चहा घेऊन आली, एक हात भिंतीले टेकून. कपापेक्षा बशीतच चहा जास्त! तुझंही सुरवातीले असंच होतं ना?

पाह्य, पेन थांबलं तिचं. लिही वं, बापापासून काय लपवतं?

तुले तर लोकांनी बेवडाच ठरवलं होतं. सीताबर्डीत पाय लटपटले तर दुकानदार म्हणे, "भरदिवसा ढोसून आला काय?" थेंब न पिता बदनाम! मग धंतोलीच्या डाक्टरनं नाव सांगितलं, अटॅक्सिया. तोल सांभाळणारा लहान मेंदू वाळत जाते म्हणे, आन ते रक्तातून लेकरापर्यंत जाऊ शकते. बरं करणारी गोळी नाही. व्यायामवाल्या बाईनं तुले हनवटी खाली घेऊन गिळणं शिकवलं. तरी शेवटी साधं पाणीच छातीत गेलं, आन तू गेला. तोल जाते हे आधी काहून नाही सांगितलं गा? भिंत धरून हासत राहिला!

दहाव्याले पिंडाले कावळा शिवेना. तुझा भाऊ हात जोडून म्हणे, "मयुरीचं लग्न करून देतो." कावळा ढिम्म! "घर तिच्या नावावर करतो." तरी ढिम्म! मी पाण्याचा पेला बाजूले केला, तवा आला. मले वाटलं, ठसक्याले भेला. तुझा जीव लेकीच्या पायांत अडकला होता, हे आता समजून राहिलं.

मयुरी म्हणते, "आजी, औषधच नाही, तर नाव समजून काय फायदा?" पण व्यायाम लवकर लागला असता तर तू आणखी काही दिवस आपल्या हातानं जेवला असता, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. मले तेवढंही पुरे होतं.

म्हणून शब्द देते. सोमवारी मी तिले धंतोलीत घेऊन जाते, रडली तरी. हे तिच्याच हातानं लिहून घेतलं, आता कशी नाही म्हणते पाहते!

अंगठा लावणारी,
तुझी माय

मयुरी, सर्वपित्रीले याच्या पानावर घट्ट कालवलेला दहीभातच वाढजो. कढी नको, पाणी नको. आन दिगू, हनवटी खाली घेऊन गिळजो.