भिंतीवरचा फोटो

घाटकोपर,
१२ जानेवारी १९८६

ती. सौ. मालनताईस,
सुलूचा सा. न. वि. वि.

तुझ्या लेकाने काल मला अंधेरीला फिल्म सोसायटीत नेलं. कुठला सिनेमा असेल ओळख! कॉन्व्हेंटात असताना, संताच्या चरित्रावर आहे अशी दादांना थाप मारून आपण पाहिला होता ना, तो इंग्रजी विनोदी सिनेमा. खून झाला की पोलिसांच्या आधी पोचणारा तो तिरक्या टोपीचा पेपरवाला फोटोग्राफर! मेलेल्याच्या बायकोशी गोड बोलत तो भिंतीवरचा फोटो कोटात सरकवतो, तिथे लोक अजूनही तसेच खिदळतात. अनंता तर खुर्चीवरून पडायचाच राहिला. वर मला म्हणतो, मावशी, आई अजून याच्यावर भाळलेली आहे, बाबांना सांगू नकोस हां. फार तोंड सुटलंय त्याला. यंदा त्याच्या लग्नाचं मनावर घे.

भाऊजींना नमस्कार. उत्तर आलं नाही तर मी रुसले असं धरून चाल.

तुझी,
सुलू


बोरिवली,
२६ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

तू काल परत गेलीस आणि घर आणखी रिकामं झालं. एक गोष्ट तुझ्या तोंडावर सांगता आली नाही, म्हणून लिहिते.

चारकोपला कारखान्याच्या गेटवर अनंता दुसऱ्यांची मारामारी सोडवायला गेला आणि सुरा त्यालाच लागला. तुम्ही सगळे त्याला आणायला हॉस्पिटलात होतात, तेव्हा दारात एक माणूस आला. गळ्यात कॅमेरा, केस विस्कटलेले. शेजारच्या शांताबाई त्याला हाकलत होत्या, लाज नाही का रे तुला, म्हणून ओरडत होत्या. मीच म्हटलं, येऊ द्या. मला तो आपल्या सिनेमातला वाटला गं. त्याला मी पाणी दिलं. त्याने मागितला, आणि मी गोराईच्या किनाऱ्यावरचा अनंताचा आणि माझा फोटो माझ्या हाताने काढून दिला. म्हणाला, उद्या आणून देतो, आई.

सिनेमातला तो शेवटी फोटो परत करतो ना? मी वाट बघत बसले. बाकीचे फोटो शाळेतले आहेत. मिशी फुटलेला, मोठा झालेला माझा अनंता तेवढ्या एकाच फोटोत आहे. किनाऱ्यावरच्या फिरत्या फोटोवाल्याकडे निगेटिव्ह कुठली असणार? हे विचारतात, तेराव्याला हार कुठल्या फोटोला घालायचा? मी काय सांगू?

ज्या पेपरात तो छापून आला, तिथे जाऊन तेवढा फोटो परत आण, एवढं माझं काम कर. नंदकुमारांना आशीर्वाद.

तुझी,
ताई


घाटकोपर,
१ मार्च १९८६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अंधेरीला त्या पेपरच्या कचेरीत जाऊन आले. तुझा माणूस भेटला. सहदेव नाव त्याचं. भांडायचं ठरवूनच गेले होते, पण तुझं नाव काढल्यावर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, मावशी, लोक शिव्या देऊन फोटो देतात, नाहीतर आम्ही उचलतो. ह्या आईंनी आधी पदराने काच पुसली, मग दिला. त्यानंतर त्याला तुझ्या दारात यायचं धैर्य झालं नाही.

का, ते ऐक, आणि बसून वाच. छापायला त्यांना नुसता चेहरा लागतो. तिथला आर्टिस्ट फोटो कात्रीने कापतो आणि चेहऱ्याभोवती पांढरा रंग मारतो, म्हणजे छपाईत तो उठून दिसतो. रोजचंच काम त्याचं. उरलेला तुकडा त्याने टोपलीत टाकला. टोपली त्याच दिवशी रिकामी झाली. मी कचरावाल्यापर्यंत जाऊन विचारलं, ताई.

जे राहिलं ते ह्यांच्या हाती पाठवते. तुझ्यासमोर बसून ते तुझ्या हातात द्यायला मला जमलं नसतं. रागाव, पण दूर करू नकोस.

तुझी,
सुलू


बोरिवली,
४ मार्च १९८६

चि. सौ. सुलूस,
अनेक आशीर्वाद.

नंदकुमारांनी पाकीट दिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. भला माणूस.

तुझ्यावर कसला राग? त्या सहदेवावरही नाही. त्याला सांग, दार उघडं आहे.

अनंता हसतोय. मागचा समुद्र गेला, मी गेले. पण तू नीट पाहिलं नसशील. त्या दिवशी तो माझी नक्कल करत होता, म्हणून मी त्याचा कान धरला होता. त्याच्या कानावर माझी दोन बोटं तशीच राहिली आहेत. रंग मारणाऱ्याच्या नजरेतून सुटली असतील.

ह्यांनी फोटो मोठा करायला स्टुडिओत नेला. तिथला माणूस म्हणाला, ही बोटं पुसून देतो, नाहीतर येणारे-जाणारे विचारतील, कुणाची म्हणून. हेही हो म्हणून आले होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी ह्यांच्यावर ओरडले. मग आम्ही दोघं पुन्हा स्टुडिओत गेलो आणि पुसू नका म्हणून सांगून आलो.

तेराव्याला लवकर ये. हार तूच ओव. जरा लांब कर, कानाच्या खाली राहील असा.

तुझीच,
ताई